पहिली गाडी : जुनी, पण खात्रीची



मागच्या बैठकीत हप्ते भरून झाले, वही मिटली आणि एका ताईने पर्समधून लायसन काढून सगळ्यांना दाखवलं. चारचाकीचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती हळूच म्हणाली, "लायसन आलं ताई, पण आता चालवू काय? शिकवणीच्या गाडीनंतर स्टेअरिंगला हात लागला नाही. घरातले म्हणतात, कुठेतरी जुनी स्वस्तातली गाडी घेऊन देतो. ती कशी बघायची?"

त्या दिवशी बैठक तासभर लांबली. प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, वढू या पट्ट्यातल्या कितीतरी बायका आता गाडी शिकतायत. म्हणून आजचं बोलणं नव्याने चालवणाऱ्या बाईसाठी जुनी लहान गाडी कशी निवडायची यावर.

गाडी येणं ही चैन आहे का, असं कुणी विचारलं तर मी मोराची चिंचोलीची गोष्ट सांगते. ती आपल्याच शिरूर तालुक्यातली. २०२२ च्या जानेवारीत वाघोलीच्या बायका मुलांना घेऊन मिनीबसने तिथे सहलीला गेल्या होत्या. परत येताना ड्रायव्हरला फिट आली. मुलं रडायला लागली. त्यांच्यातल्या एका ताईला कार चालवता येत होती. तिने बस कधीच चालवली नव्हती, तरी ती सीटवर बसली आणि साधारण दहा किलोमीटर बस चालवत नेऊन आधी ड्रायव्हरला दवाखान्यात पोचवलं. पेपरात, टीव्हीवर सगळीकडे ते आलं होतं. तिला गाडी येत होती, म्हणून त्या दिवशी एवढ्या जणी सुखरूप घरी आल्या.

तर गाडी यायला हवी, हात चालू राहायला हवा, आणि त्यासाठी दारात बरी गाडी हवी. नवीन शिकणाऱ्याची गाडी चार ठिकाणी घासणारच, त्यामुळे पहिली गाडी जुनी घेणं शहाणपणाचं आहे. फक्त ती जुनी असावी, खराब नसावी.

आधी वहीतला हिशोब

आपण गटातल्या बायका. व्याज आपल्याला कळतं. पण गाडीच्या बाबतीत आपण फक्त किंमत विचारतो आणि फसतो.

समजा, गाडी दोन लाखांची आहे. जुनी गाडी घेतली की लगेच खर्च येतो. ऑइल आणि फिल्टर बदलणं, बॅटरी, एखाद-दुसरं टायर, विमा, नाव बदलण्याची फी. म्हणून किमतीच्या दहा टक्के तरी रक्कम वेगळी काढून ठेवा. हातात दोनच लाख असतील तर पावणेदोन-एक लाख ऐंशी हजारांचीच गाडी बघा.

कर्ज काढणार असाल तर एकच प्रश्न आधी विचारा, "व्याज फ्लॅट आहे की घटत्या बाकीवर?" दोन लाख रुपये, तीन वर्षं, दर १४ टक्के. घटत्या बाकीवर हप्ता साधारण ६,८३५ रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे ४६ हजार जातं. तोच १४ टक्के फ्लॅट असला तर व्याज ८४ हजार होतं आणि हप्ता ७,८८९ रुपये. दर तोच, पण ३८ हजारांचा फरक. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीपेक्षा जास्तच असतो, त्यामुळे हा प्रश्न विसरू नका.

आता महिन्याचा खर्च. महिन्याला ५०० किलोमीटर फिरलात आणि गाडीने लीटरला १६ चं अॅव्हरेज दिलं, तर ३१ लीटर पेट्रोल लागतं. लीटर १०५ रुपये धरलं तर साधारण ३,३०० रुपये. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांसाठी महिन्याला दीड हजार बाजूला काढा. हप्ता, पेट्रोल आणि हे मिळून महिन्याला साडेअकरा हजारांच्या पुढे जातं. घरात एवढे पैसे दर महिन्याला सुटतात का, ते वहीत लिहून बघा. सुटत नसतील तर आणखी स्वस्त गाडी बघा, नाहीतर वर्षभर थांबा. थांबण्यात लाज नाही.

काही जणी म्हणतात, "शाळेची पोरं ने-आण करीन, कंपनीतल्या बायकांना सोडीन, हप्ता निघेल." इथे सावध. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी घरगुती वापराची. भाडं घेऊन माणसं बसवायची तर पिवळी प्लेट, परवाना आणि त्याचा वेगळा विमा लागतो. घरगुती गाडीत भाड्याची माणसं असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग घरच विकायची वेळ येते. धंदा करायचाच असेल तर तो पहिल्या दिवसापासून कागदावर धंदा म्हणूनच करा.

कोणती गाडी बघावी

लोक आधी कंपनीचं नाव विचारतात. मी म्हणते, आधी स्वतःला विचारा. गाडी कुठे चालवणार? आपल्याला नगर रोड पार करायचा आहे. कंटेनर, ट्रेलर, कंपनीच्या बसेस, शिक्रापूरच्या चाकण चौकातली कोंडी. आणि गावात वळायचं ते अरुंद बोळात. म्हणून लहान, वळायला सोपी, चहूबाजूंनी दिसणारी गाडी हवी.

मारुती अल्टो ही साधारण साडेतीन मीटर लांब गाडी. चालवायला हलकी, पार्ट स्वस्त, गावोगावच्या मेकॅनिकला तोंडपाठ. वॅगन आर उंच आहे. बसायला-उतरायला सोपी, पुढचा रस्ता चांगला दिसतो. साडी नेसून बसणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या मावश्यांना ती बरी पडते. सेलेरिओ, ह्युंदाईची सँट्रो आणि आय-टेन, टाटाची टिआगो, रेनोची क्विड, याही लहान गाड्या बाजारात भरपूर मिळतात. क्लचचा ताण नको असेल तर सेलेरिओसारख्या गाडीत आपोआप गिअर बदलणारा प्रकार २०१४ पासून आहे. चालवायला सोपा, पण बिघडला तर खर्च जास्त, म्हणून त्याची तपासणी जाणकाराकडूनच करून घ्या.

गाडीत स्वतः बसून बघा. नवऱ्याने बसून "छान आहे" म्हटलं तरी पाय तुमचे पोचायला हवेत. क्लच तळापर्यंत दाबताना कंबर सीटवरून सुटते का? बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसतो का? सीट वरखाली होते का? पॉवर स्टेअरिंग आहे का? जुन्या स्वस्त मॉडेलमध्ये ते नसतं, आणि उभ्या गाडीत चाक फिरवताना हात भरून येतात. शिकताना त्यानेच धीर खचतो.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या काही लहान गाड्या धडकवून बघितल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन यांच्या बिनएअरबॅगच्या मॉडेलना मोठ्या माणसाच्या सुरक्षिततेत एकही तारा मिळाला नाही. त्यानंतर नियम बदलले. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना देणारा आवाज, वेगाची सूचना आणि मागे घेतानाचे सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, ती एप्रिल २०१९ पासूनच सक्तीची आहे. टिआगोला २०२० च्या चाचणीत चार तारे मिळाले. म्हणून ऐपत असेल तर जुलै २०१९ नंतर बनलेली गाडी बघा. आरसी बुकवर बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. त्याआधीची घ्यावी लागली, तर त्याच मॉडेलमधला एअरबॅगवाला प्रकार शोधा. जुन्या गाड्यांत वरच्या प्रकारात एअरबॅग आणि एबीएस मिळायचं. आणि एअरबॅग असो-नसो, बेल्ट लावायचाच. लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही.

तिसरी गोष्ट, पार्ट मिळतात का? फियाटची पुंटो आपल्याच तालुक्यात रांजणगावच्या कारखान्यात बनायची. शेवरोलेची बीट आपल्याच जिल्ह्यात तळेगावला बनायची. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं. फियाटची नवी कारही आता इथे मिळत नाही. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये थांबली. अशा गाड्या जुन्या बाजारात खूप स्वस्त दिसतात. गाडी वाईट असते असं नाही, पण एखादा पार्ट आठ-आठ दिवस मिळत नाही आणि पुढे विकताना गिऱ्हाईक मिळत नाही. पहिल्या गाडीसाठी हा ताप नको.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी? रोजचा फेरा लांबचा नसेल तर डिझेलच्या मागे लागू नका. डिझेलची दुरुस्ती महाग, आणि २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांतली धूर गाळणारी जाळी फक्त जवळच्या फेऱ्यांनी तुंबते. सीएनजी स्वस्त पडतो, पण किट कंपनीचं आहे का, आरसीवर सीएनजीची नोंद आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे का, ते बघा. नोंद नसलेलं किट म्हणजे विम्याचा घोळ. पेट्रोलबद्दलही एक सांगते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शिरूर-दौंडचा पट्टा उसाचा, त्यामुळे इथेनॉल आपल्याला परकं नाही. पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यांचं अॅव्हरेज थोडं कमी पडतं आणि इंधनाच्या रबरी नळ्या कालांतराने खराब होऊ शकतात. गाडी घेतल्यावर मेकॅनिकला त्या नळ्या बघायला सांगा.

बघायला जाताना

सकाळी जा, दिवसाउजेडी जा, पाऊस नसताना जा. ओल्या गाडीवर आणि दिव्याखाली रंगातला फरक दिसत नाही. आणि मालकाला आधीच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." थंड इंजिन चालू करताना जे कळतं, ते गरम इंजिनात लपतं.

आधी बाहेरून एक फेरी मारा. दरवाजा, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? एका दाराचा रंग वेगळा दिसतो का? बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर तो भाग कधीतरी उघडला आहे. कारण विचारा. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा. तिथे वेल्डिंग, सुरकुती किंवा ताजा रंग दिसला तर मागून जोराची धडक बसलेली असू शकते.

टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ३२१९ असेल तर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यातलं टायर. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आलं की ते संपलं. टायर एकाच बाजूने झिजलं असेल तर चाकांची दिशा किंवा खालचं काम बघावं लागेल. चार टायर बदलणं म्हणजे मोठा खर्च. तो किमतीतून कमी करून मागा.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिका. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्यातही ओढ्याला पूर येऊन गाड्या वाहून गेल्या. पुरानंतर अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. काचा बंद करून आत पाच मिनिटं बसा. कुबट वास येतो का? की तो लपवायला भरपूर सुगंध मारलाय? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर चिखलाचा डाग असेल तर गाडी बुडालेली. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, गालिच्याखाली रेती, हेडलाइटच्या आत ओल, हीही खूण. अशी गाडी फुकट दिली तरी नको. तिची वायरिंग आज चालते, उद्या नगर रोडच्या मधोमध बंद पडते.

मीटर कमी दाखवलं म्हणून भुलू नका. मीटर मागे फिरवणारे असतात. आठ वर्षांची गाडी फक्त तीस हजार किलोमीटर चालली म्हणतात आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, स्टेअरिंगची कातडी चकचकीत, ड्रायव्हरची सीट बसलेली. असं कसं? सर्व्हिसिंगच्या पावत्या मागा. कंपनीच्या सेंटरला गाडी जात असेल तर नंबरवरून मागच्या सर्व्हिसिंगची माहिती निघते. मालकाने ती समोर काढून द्यावी असा आग्रह धरा.

आता बॉनेट उघडा. ऑइलची पट्टी काढून पुसा, परत घालून बघा. ऑइल काळं असलं तर हरकत नाही. पण ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी आणि ऑइल एकत्र होत असण्याची शक्यता आहे. इंजिनचं मोठं काम निघतं. गाडी चालू करा. थंडीत सुरुवातीला थोडी वाफ निघते, ती चालते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर ती गाडी सोडा.

चालवून बघताना

नवीन चालवणारीने विक्रेत्याच्या गाडीत रहदारीत शिरायची गरज नाही. सोबत जाणकार घ्या आणि त्याला चालवू द्या. तुम्ही बाजूला बसून ऐका. मग मोकळ्या जागी स्वतः चालवा. तुमच्या पायाला क्लच कसा लागतो, हे दुसऱ्याला कळत नाही.

सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सैल धरल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? ब्रेक दाबल्यावर सरळ थांबते का? स्पीडब्रेकरवरून जाताना खालून खडखड येते का? उभ्या गाडीत हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडला की चांगली गाडी झटकन बंद पडते. इंजिन नुसतंच ओरडत राहिलं तर क्लच घासतोय. हे जाणकाराला करायला सांगा. चढावर हँडब्रेक धरतो का, एसी लावल्यावर इंजिन गळतं का, मीटरमधले लाल-पिवळे दिवे चावी फिरवल्यावर लागतात आणि गाडी चालू झाल्यावर विझतात का, तेही बघा. एअरबॅगचा दिवा लागतच नसेल तर त्याची वायर काढलेली असू शकते.

शेवटी आपला स्वतःचा मेकॅनिक. विकणाऱ्याने आणलेला नाही, मध्यस्थाचा मित्र नाही. त्याला पाचशे-हजार रुपये द्या आणि गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघायला सांगा. दोन लाख वाचवायला हजार रुपये जास्त नाहीत. मालक "मेकॅनिकला दाखवायचं नाही" म्हणाला तर नमस्कार करून परत या.

कागद आधी, पैसे नंतर

आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट सांगते. गाडी सुंदर होती, किंमत बरी होती. एका मध्यस्थाने "दुसरं गिऱ्हाईक वाट बघतंय" म्हणत तिच्याकडून चाळीस हजार रुपये रोख टोकन घेतलं. पावती नाही. नंतर कळलं की गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज बाकी आहे. गाडी नावावर होईना आणि पैसे परत मिळेनात. त्यातले पंधरा हजार तिने गटातून उचललेले होते. आठ महिने ती शिलाईचे पैसे हप्त्यात भरत होती, दारात गाडी नसताना. शेवटी निम्मे पैसे परत मिळाले. त्यानंतर आमच्या गटाने ठराव केला. गाडीसाठी कर्ज हवं असेल तर आरसीची प्रत आधी गटासमोर यायची, मग पैसे.

तिला लागले असते ते दोन मिनिटं. परिवहन विभागाच्या एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडीवर कुणाचं कर्ज आहे का, ते दिसतं. दंडाच्या बाकी पावत्या ई-चलानच्या पोर्टलवर दिसतात. त्या विकणाऱ्याने भरायच्या. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी एक-एक अक्षर जुळवून बघा.

कर्ज असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. आरसीवरून बँकेचं नाव निघाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. दिल्लीकडच्या स्वस्त गाड्यांचा मोह टाळा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या मुदत संपत आली की बाहेर विकल्या जातात. दुसऱ्या राज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओचा नाहरकत दाखला लागतो आणि इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. स्वस्ताई तिथेच संपते.

गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर आणखी विचार करा. घरगुती कारची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते, पण एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, वर हरित कर वेगळा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवली आहे का तेही बघा.

डीलरकडून घेत असाल तर त्याला आरटीओचं अधिकारपत्र विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी तो नियम आहे. पैसे बँकेतून द्या. टोकन दिलं तर पावतीवर गाडीचा नंबर, रक्कम आणि "कागद अपुरे निघाल्यास परत" एवढं लिहून घ्या. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या करा.

आपण आपली जुनी गाडी विकतानाही हेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. म्हणून नाव बदलल्याशिवाय सोडायचं नाही.

नाव कुणाचं?

आता थोडं नाजूक. गाडी तुम्ही चालवणार, हप्ता तुमच्या शिलाईतून किंवा दुधातून जाणार, तर आरसीवर नाव कुणाचं? बऱ्याच घरात न विचारता नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं लागतं. मी भांडा म्हणत नाही. पण एक गोष्ट घरात नीट सांगा.

गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. ते आरसीवर नाव असलेल्या आणि लायसन असलेल्या मालकाला मिळतं. गाडी त्यांच्या नावावर आणि चालवताना अपघात तुम्हाला झाला, तर ते १५ लाख तुमच्या लेकरांना मिळत नाहीत. जी चालवणार तिचं नाव, हा हिशोब घरातल्या कुणालाही पटतो. आमच्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि त्याच म्हणाल्या, "मग हिचंच नाव लावा." दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवत असाल तर स्वतःचा वेगळा अपघात विमा काढा.

विमा नावावर करून घ्यायलाही विसरू नका. समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी १४ दिवसांत कंपनीला अर्ज द्यावा लागतो. जुन्या मालकाची नो-क्लेम सवलत त्याच्याकडेच राहते, त्यामुळे हप्ता थोडा वाढतो. १००० सीसीच्या आतल्या कारचा नुसता सक्तीचा विमा, जून २०२२ मध्ये ठरलेल्या दराने, वर्षाला २,०९४ रुपये आणि वर कर. पण पहिलं वर्ष नव्या हाताचं असतं. जमलं तर पूर्ण विमा घ्या.

पहिला महिना

गाडी आली, नारळ फोडला, पेढे वाटले. आता ती झाकून ठेवू नका. पहिले आठ दिवस सकाळी सहाच्या सुमाराला गावातल्या रस्त्याने अर्धा तास फिरवा. सोबत पक्कं लायसन असलेला शांत माणूस घ्या, ओरडणारा नको. मागे घेणं आणि चढावर उचलणं, या दोनच गोष्टींचा सराव करा. मग रविवारी सकाळी नगर रोड. अंधारात आणि पावसात हायवेवर लगेच जायची घाई नको. साडीचा काठ पेडलमध्ये येणार नाही असा खोचा आणि सटकणारी चप्पल काढून ठेवा.

सुरुवातीला जिने लायसन दाखवलं, त्या ताईने या महिन्यात तीन गाड्या बघितल्या. पहिलीच्या डिकीखाली वेल्डिंग होतं. दुसरीचा मालक मेकॅनिकला दाखवायला तयार नव्हता. तिसरीचे कागद ती येत्या बैठकीत गटासमोर मांडणार आहे. तिचे दीर म्हणाले, "वहिनी, एवढं बघत बसलात तर गाडी मिळायची नाही." ती म्हणाली, "भावजी, नाही मिळाली तर पैसे तरी माझ्याजवळ राहतील."

मैत्रिणींनो, तिचं हे वाक्य लक्षात ठेवा. गाड्या रोज विकायला येतात. आपली बचत मात्र महिन्याला शंभर-दोनशे करत जमलेली असते. पुढच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचा, आणि जिला गाडी घ्यायची आहे तिच्यासोबत गटातली एक जण तरी बघायला जा.